बोलणं कुठून जातं

टेलिफोनची तार जिवंत आहे की मेलेली, हे चिंतामण मानापुरे बोटांनी ओळखायचे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जिभेला लावून ओलं करायचं आणि दोन तारांवर टेकवायचं. पलीकडून कोणी घंटी दिली की मनगटापर्यंत मुंग्या चढत. खात्याने तपासणीसाठी त्यांना एक यंत्र दिलं होतं, चामड्याच्या पिशवीतलं. ते निवृत्तीपर्यंत पिशवीतच राहिलं.

बत्तीस वर्षं ते लाइनमन होते, आणि त्यातली बरीचशी बालाघाट ते बैहर या रस्त्यावर गेली. आधी सायकल, मग मोपेड, खांद्यावर दोराचं वेटोळं. घाटात तारांवर लंगूर झोके घेत, पावसाळ्यात खांबांवर वेली चढत, आणि बैहरच्या कचेरीतल्या साहेबाचा फोन बंद पडला की साहेब जीप पाठवून यांनाच बोलावून घेई. कुठल्या खांबाला मधमाश्यांचं पोळं आहे, कुठल्या वळणावर तार सागाच्या फांदीला घासते, हे त्यांना आपल्या घराच्या पायऱ्यांसारखं माहीत होतं.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र तारेची नव्हती, जमिनीची होती. सुरुवातीच्या वर्षांत जंगलातल्या एका चौकीपर्यंत एकच तार गेली होती. एका तारेने बोलणं जायचं आणि परतीची वाट जमीन असायची. दोन्ही टोकांना तांब्याची पट्टी खोल पुरलेली. तिला ते ‘अर्थिंग’ म्हणत. मे महिन्यात माती सुकली की चौकीतल्या माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक व्हायचा. मग चिंतामणकाका दोन बादल्या पाणी आणि ओंजळभर मीठ घेऊन त्या पट्टीच्या खड्ड्याशी जात. पाणी जिरलं की आवाज खणखणीत.

“बोलणं जमिनीतून परत येते,” ते सांगत. “जमीन तहानली का माणूस मुका.”

ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक मुलाने ऐकली होती. मीही.

बालाघाटातली आमची गल्ली नदीकडे उतरत जाते. तिच्या एका बाजूची जमीन पुरुषभर उंच आहे, दुसऱ्या बाजूची खाली. उंच बाजूला चिंतामणकाकांचं दुमजली घर, समोर खालच्या बाजूला प्रेमलाल यांचं हार्डवेअरचं दुकान आणि त्यामागे त्यांचं पक्क्या छताचं घर. प्रेमलाल यांच्या भिंतीला लागून शेवंताबाईंचं कौलारू घर. २००७ च्या हिवाळ्यात एका मोबाइल कंपनीची माणसं आली आणि प्रेमलाल यांचं छत मोजून गेली. छतावर टॉवर होणार, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं.

नगरपालिकेला शेजाऱ्यांचा अनापत्तीचा, म्हणजे ना-हरकतीचा, कागद हवा होता, म्हणून रविवारी सकाळी सगळे प्रेमलाल यांच्या दुकानापुढे जमले. वर्तमानपत्रात काय काय छापून येत होतं. चिमण्या जातात, झोप जाते, डोक्यात गाठ होते. खरं किती आणि खोटं किती, हे सांगणारं कोणी नव्हतं.

“वारासिवनीले टॉवर लागला तं माह्या बहिणीच्या म्हशीनं दूध आटवलं,” शेवंताबाई म्हणाल्या.

“म्हैस किती वर्साची हाय?” चिंतामणकाकांनी विचारलं.

“असन सोळा-सतराची.”

“मंग टॉवरनं लय वाट पाह्यली म्हणा.”

हशा झाला. मग सगळ्यांच्या माना आपोआप त्यांच्याकडे वळल्या. फोनच्या खात्यात जन्म काढलेला माणूस गल्लीत एकच होता. प्रेमलाल यांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.

चिंतामणकाका खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “फोन तारेचा असो का बिनतारेचा, त्याले जमीन लागते. त्या टॉवरलेबी खाली अर्थिंग करतीन, पाहून घेजा. जे काय असन ते खांबानं उतरते आन् जमिनीत जाते. त्या खड्ड्याजवळ बसू नका, पोरं खेळू देऊ नका. बाकी भेवाचं काही नाई. मी बत्तीस वर्सं हातात धरलं हाय, मले काय झालं?”

पहिली सही त्यांनी केली. त्यामागे अकरा झाल्या. शेवटची शेवंताबाईंच्या सुनेची होती, साधनाची. तिचा नवरा चैतराम बैहरला वन विभागात होता, शनिवारी यायचा. म्हणून घरच्या सगळ्या कागदांवर सही तीच करायची.

टॉवर म्हणजे मला वाटलं होतं तसा गगनाला जाणारा काही नव्हता. छतावर तीन खांब, प्रत्येकावर माणसाएवढी एक पांढरी पेटी, उभी. तिन्ही पेट्यांची तोंडं तीन दिशांना. खाली प्रेमलाल यांच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर सिमेंटचं झाकण ठेवलं. चिंतामणकाका ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत उभे होते. झाकण बसलं तेव्हा त्यांनी गल्लीकडे वळून मान हलवली. बघा, मी सांगितलं नव्हतं?

ते झाकण साधनाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चार फुटांवर होतं.

साधना जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. बोलणं मोजकं, चालणं भरभर. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत दोनदा तिचे दिवस अर्ध्यावर थांबले होते. हे टॉवरच्या कितीतरी आधीचं. २००८ च्या पावसाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले. चौथा महिना लागेपर्यंत तिने कोणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी शाळेतून परस्पर चिंतामणकाकांकडे आली आणि पिशवीही खाली न ठेवता दारात उभी राहिली.

“काका, सहीच्या वक्ती मी काही विचारलं नाई. आता विचारून राह्यली. तुम्ही म्हणलं होतं, त्या खड्ड्याजवळ बसू नका. माही चूल त्या खड्ड्याजवळ हाय. मी झोपतेबी तिथंच, बाजूच्या खोलीत. आता मी का करू?”

चिंतामणकाकांनी तिच्याकडे बघितलं. ती कशासाठी विचारते आहे हे त्यांना कळलं आणि त्यांच्या पत्नीला, अलकनंदाकाकूंना, त्यांच्याही आधी कळलं.

“कितवा?” काकूंनी विचारलं.

“चौथा.”

“बस आधी.”

ती बसली. चिंतामणकाकांनी खिडकीतून समोर बघितलं. मग म्हणाले, “वरची खोली खाली हाय. आमचा केदार पुण्याहून दिवाळीलेच येते, तोबी दोन दिवस. तू वर ये राह्यले. खड्ड्यापासून जेवढं दूर आन् जेवढं वर, तेवढं चांगलं. जमिनीतलं वर चढत नाई.”

तसा निर्णय झाला. साधना सकाळी घरचं आवरायची, शाळेत जायची, आणि दुपारपासून काकांच्या वरच्या खोलीत. शेवंताबाईंनी आधी नाक मुरडलं. “सून समोरच्या घरात, मी काय भिंतीसंग बोलू?” मग त्याही दुपारी तिथेच येऊन बसू लागल्या. खोली मोकळी होती, दोन खिडक्यांची. एक खिडकी नदीकडे, एक गल्लीकडे. गल्लीकडच्या खिडकीशी काकूंनी पलंग लावून दिला, म्हणजे वारा येईल.

त्या घरात कित्येक वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. काकू वर-खाली करत मेथीचे लाडू पोचवत. संध्याकाळी चैतरामचा फोन यायचा, साधना पलंगावर बसून मोबाइल कानाला लावून तासभर बोलायची. समोरच टॉवर, त्यामुळे आवाज स्वच्छ. सहावा महिना उलटला. मागच्या दोन्ही वेळी जिथे सगळं थांबलं होतं ते दिवस मागे पडले. ती थोडी हसू लागली होती. एकदा चिंतामणकाकांना म्हणाली, “काका, तुमच्या खोलीचा पाय चांगला हाय.” त्या दिवशी जेवताना काकांनी दोनदा भात घेतला, हे काकूंनी सगळ्यांना सांगितलं.

कार्तिक संपताना टॉवरच्या देखभालीसाठी कंपनीचा तंत्रज्ञ आला. वीरेंद्र नाव, जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, गमत्या माणूस. तो अंगणात झाकण उघडून पट्टी तपासत होता तेव्हा चिंतामणकाका तिथे जाऊन उभे राहिले. जुन्या माणसाला राहवेना.

“इसमें पानी डालते रहना. थोड़ा नमक भी. आवाज साफ आएगी.”

वीरेंद्रने वर बघितलं. “कौन-सी आवाज, अंकल?”

“फोनकी.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. “अंकल, ये तो आसमानी बिजली के लिए है. बिजली गिरे तो जमीन में चली जाए. बात का इससे क्या लेना-देना?”

“तो बात किधरसे जाती है?”

वीरेंद्र उठला, हात झटकले, आणि छतावरच्या गल्लीकडच्या पांढऱ्या पेटीकडे बोट केलं. मग तो हात त्याने तसाच आडवा, सरळ पुढे नेला. “सामने. एकदम सीधी. टॉर्च की रोशनी जैसी. नीचे तो समझो अंधेरा है. जिसके मुँह के सामने पड़े, उसी को सबसे ज़्यादा.”

त्याचा हात जिथे थांबला तिथे चिंतामणकाकांच्या घराची वरची खिडकी होती. खिडकीत साधनाची ओली साडी वाळत घातलेली. आतून शेवंताबाई कोणाला तरी काहीतरी सांगत होत्या, त्यांचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

चिंतामणकाकांनी विचारलं, “पक्का?”

“बारह साल से यही कर रहा हूँ, अंकल.”

नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना वीरेंद्रचा राग आला नाही, आपल्या बोटांचा आला.

पण ते तिथून निघून गेले नाहीत. वीरेंद्रला दुकानाच्या ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि एकेक विचारत गेले. किती जातं? किती चालतं? कोणी ठरवलंय? वीरेंद्रच्या पिशवीत इंग्रजीत छापलेली काही पानं होती. ती वाचायला काकांनी मला हाक मारली. मी तेव्हा एम.ए.च्या परीक्षेसाठी घरी होते, आणि गल्लीच्या दृष्टीने इंग्रजी म्हणजे सगळी एकच.

पानांवर एक कोष्टक होतं. त्या टॉवरच्या लहरींसाठी एका चौरस मीटरवर साडेचार वॅटपर्यंत पडलं तर चालेल, असं मानक. दुसऱ्या देशांतल्या तज्ज्ञांनी ठरवलेलं, आपल्या सरकारने त्याच वर्षी स्वीकारलेलं. शरीर त्या लहरींनी किती तापतं याचा हिशोब करून, त्याच्या खूप खाली रेघ ओढलेली. पुढे एक वाक्य होतं, ते काकांनी मला तीनदा वाचायला लावलं. तापण्याखेरीज दुसरा काही परिणाम, तोही वर्षानुवर्षांनी होणारा, सिद्ध झालेला नाही, मात्र अभ्यास चालू आहे.

“म्हणजे नाई होत?”

“नाही होत असं नाही लिहिलं काका. सिद्ध झालं नाही असं लिहिलंय.”

“म्हणजे होते?”

“तसंही नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “वकिलावानी लिहिलं हाय.”

बालाघाटात मोजायचं यंत्र नव्हतं. वीरेंद्रने कागदाच्या मागे गणित करून दाखवलं. पेटीपासून खिडकी चाळीस फूट. खिडकी उघडी, मध्ये भिंत नाही, पेटी पूर्ण जोरात. उत्तर अर्ध्या वॅटच्या थोडं वर आलं. साडेचारच्या आठव्या हिश्शाइतकं. खाली शेवंताबाईंच्या स्वयंपाकघरात, टॉवरच्या पायथ्याशी, त्याच्याही कितीतरी कमी, शंभरावा हिस्सा वगैरे.

“नियम में है, अंकल. टेंशन मत लो,” वीरेंद्र म्हणाला. “और सच बोलूँ? इससे ज़्यादा तो वो जो फोन है ना, कान वाला, वो देता है. घंटा-घंटा चिपकाकर बैठते हैं और गाली टॉवर को. सिग्नल कमजोर हो तो फोन और ज़ोर लगाता है. उसके डिब्बे में भी एक किताब आती है, कोई नहीं पढ़ता.”

चिंतामणकाकांनी ते गणित आपल्या वहीत उतरवून घेतलं. ती वही त्यांनी जपून ठेवली, म्हणून पुढचं सांगता येतं. चार वर्षांनी सरकारने तो साडेचारचा आकडा दहाव्या हिश्शावर आणला. त्या दिवशी काकांनी वही उघडली आणि ते गणिताचं पान काढलं. तीच पेटी, तेवढाच जोर आणि उघडी खिडकी धरली, तर नियमात आरामात बसणारी ती खोली, एकही वीट न हलता, रेघेच्या जराशी बाहेर गेली होती. पण हे पुढचं. २००८ च्या त्या कार्तिकात त्यांच्याजवळ एवढंच होतं: आकडा नियमात आहे, आणि मुलीला आपण चुकीच्या जागी झोपवलं आहे.

चार दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

काकूंपासून मात्र लपवता येईना. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, हे समोर बसले होते आणि खडे सुपाबाहेर टाकायच्या ऐवजी सुपात टाकत होते.

“का झालं, वो?”

त्यांनी सांगितलं. सगळं. काकूंचे हात थांबले नाहीत.

“तो पोरगा म्हणते ना, नियमात हाय?”

“हौ.”

“मंग काहून सांगता? सातवा लागला तिले. आता कुठं दोन घास सुखानं खाऊन राह्यली. तुम्ही सांगसान आन् ते पोरगी रातभर छताकडे पाहत बसन. भेव काही कमी वाईट असते का पोटातल्या लेकराले?”

हे त्यांनाही पटत होतं. काकू खोटं बोलायला सांगत नव्हत्या. आकडा खरोखरच नियमात होता. गप्प बसलं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं, निदान ज्ञात असलेल्या कुठल्याही हिशोबाने नाही. आणि सांगितलं तर? दोनदा उजाड झालेली मुलगी. काही कमी-जास्त झालं, कशामुळेही झालं, तरी तिला जन्मभर हीच खिडकी दिसणार. शिवाय गल्ली होती. अकरा सह्या होत्या. ज्या माणसाला बैहरचा साहेब जीप पाठवून बोलावत होता तो माणूस होता.

“ते मले विचारायले आलती,” ते शेवटी म्हणाले. “प्रेमलालले नाई, कंपनीले नाई, मले. मी तिले सांगतलं, वर ये. माहीत नसताना सांगतलं. आता माहीत झालं तं गप्प बसू?”

“मंग सांगा,” काकू म्हणाल्या. “पन भेववून सांगू नका. आन् माह्या समोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी साधनाला आणि शेवंताबाईंना खालच्या मागच्या खोलीत बोलावलं. तिथे वर्षाचे तांदूळ असत, खिडकी नव्हती. दार लोटलं की भर दुपारीही काळोख. साधना एका पोत्यावर टेकली. मी कोष्टकाचं पान घेऊन दाराशी उभी. काकांनी टॉर्च पेटवून छातीशी आडवी धरली.

“हे पाह्य. ही पेटी. उजेड कुठं पडला?”

“भिताडावर,” शेवंताबाई म्हणाल्या. “हे का खेळ हाय, भाऊजी?”

“आन् माह्या पायाशी?”

“अंधार.”

“तुमचं घर माह्या पायाशी हाय. आन् हे समोरचं भिताड,” ते थांबले. “हे भिताड म्हणजे माही वरची खोली. मी उलटं सांगतलं होतं. मी तारेचा माणूस. मले वाटलं, सगळं जमिनीतच जाते. हे जमिनीत जात नाई. साधना, मी तुले अंधारातून उचलून उजेडात बसवलं.”

टॉर्च त्यांनी विझवली नाही.

शेवंताबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्या उठल्याच. “बाप्पा. तीन महिने? तीन महिने माही सून त्या डब्ब्याच्या तोंडासमोर निजली? आन् तुम्ही म्हणे बत्तीस वर्सं फोन खात्यात होते. का करत होते तिथं, घंट्या मोजत होते?”

“आई,” साधना म्हणाली.

“आई का आई. माह्या म्हशीच्या गोष्टीवर हसले होते हे.”

“हसलो होतो,” चिंतामणकाका म्हणाले. “चुकलं.”

साधना एवढा वेळ भिंतीकडे बघत होती. तिच्या हाताने नकळत पदर ओढून पोटावर घेतला होता. तिने विचारलं, “काका, झालं ते झालं. आता मले येवढंच सांगा. त्याले काही झालं असन का नाई?”

हा प्रश्न येणार, हे त्यांना चार दिवसांपासून माहीत होतं. त्यांनी मला खूण केली. मी पान वाचलं, आकडे मराठीत सांगितले. साडेचारची रेघ, खोलीतलं अर्ध्याच्या थोडं वर, ते शेवटचं वकिली वाक्यही. साधना शिक्षिका होती, तिला हिश्शांचं गणित लगेच कळलं. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेच बघत राहिली.

“हे कागदाचं झालं. तुमचं का म्हणणं हाय?”

“मले माहीत नाई,” चिंतामणकाका म्हणाले.

फोनच्या बाबतीत हे शब्द त्यांच्या तोंडून गल्लीत कोणी ऐकले नव्हते.

“कागद म्हणते, भेवाचं नाई. तो पोरगाबी म्हणते. मलेबी तसंच वाटते. पन वाटते म्हणून मी मागंबी बोललो होतो. आता माहीत हाय तेवढंच बोलतो. खाली कमी हाय, वर जास्त हाय. दोन्ही नियमात हाय. आन् तो कानाचा फोन जरा कमी लाव, नाई तं स्पीकरवर ठेवून बोल, दूर धरून. येवढं पक्कं हाय. याच्या पलीकडचं कोणालेच माहीत नाई अजून.”

पोत्यांमधून नव्या तांदळाचा वास येत होता. मग साधना उठली, पोत्याला धरून, सावकाश.

“स्पीकरवर बोलू?” ती म्हणाली. “मंग आई सारं ऐकतीन.”

अलकनंदाकाकूंना हसू आलं. शेवंताबाईंना आलं नाही.

शेवंताबाईंचं म्हणणं, सूनबाईने आत्ताच्या आत्ता आपल्या घरी यावं. पण तिथे टॉवरच्या पायथ्याशी राहायला साधनाचं मन धजेना. गणित कळलं तरी तीन महिने त्या झाकणाची भीती बाळगली होती, ती एका टॉर्चने जाणार नव्हती. तिने खरं तेच सांगितलं. मग काकूंनी तोडगा काढला. खालची पुढची खोली, जिथे काका-काकू झोपत, ती साधनाची. ती पेटीच्या तोंडाच्या बरीच खाली येत होती आणि खड्ड्यापासून रस्ताभर दूर होती. आणि ते दोघं वर.

“तुम्ही वर निजसान?” साधनाने विचारलं. “त्या खिडकीत?”

“आमाले आता कोणतं लेकरू होऊन राह्यलं?” काकू म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत पलंग खाली आला आणि काकांची खाट वर गेली. चैतराम शनिवारी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं गेलं, स्वतः काकांनी. तो शांत माणूस, ऐकून घेतलं आणि जाताना त्यांच्या पाया पडला. काकांना ते आवडलं नाही.

गल्ली उरली होती. पुढच्या आठवड्यात काका सह्यांच्या उरलेल्या दहाही घरी गेले, दर घरी वेगळे, आणि दर घरी तेच सांगितलं की मी सही करायला लावली तेव्हा मला माहीत नव्हतं. बहुतेकांना काही कळलं नाही. एकाने चहा दिला, एकाने विचारलं की मग टॉवर काढायचा का. प्रेमलाल मात्र चिडले.

“काका, तुम्हीच म्हणलं होतं भेवाचं नाई, आता तुम्हीच घरोघर फिरून भेववून राह्यले. टॉवर वाईट हाय का चांगला, एक काय ते बोला ना.”

“एक काय ते असतं तं बोललो असतो,” काका म्हणाले. “तुमच्या छतावर नियमातला हाय. मोजलेला नाई. कंपनीले लिहा, येऊन मोजा म्हणा. मी सही करतो खाली.”

प्रेमलाल यांनी लिहिलं नाही. काकांनी लिहिलं, माझ्याकडून, इंग्रजीत. कोणी मोजायला आलं नाही. उत्तर आलं होतं, छापील, की टॉवरचं हे केंद्र सर्व मानकांचं पालन करतं.

फाल्गुनात साधनाला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, अडीच किलोच्या वर. बारसं समोरच्या घरी, शेवंताबाईंच्या अंगणात झालं, त्या सिमेंटच्या झाकणापासून दहा पावलांवर. ईरा नाव ठेवलं. बायका पाळण्याभोवती होत्या, पुरुष ओट्यावर. शेवंताबाईंचा राग कधीच ओसरला होता आणि त्याच्या जागी आता दुसरं काही आलं होतं. त्या प्रत्येक पाहुणीला सांगत होत्या की आमच्या समोरच्या भाऊजींनी वेळेवर खोली बदलून दिली म्हणून हे दिवस दिसले, ते फोन खात्यातले, त्यांना यातलं सगळं कळतं.

हे ओट्यापर्यंत ऐकू आलं. चिंतामणकाका उठून बायकांच्या घोळक्याच्या कडेला आले.

“वैनी, तसं सांगू नका.”

“काहून? खोटं हाय का?”

“खरं हाय का खोटं हाय, मले माहीत नाई. वरच राह्यली असती तरीबी असंच झालं असतं, कदाचित. पोरगी तिनं वाढवली. माहं काही नाई त्यात.”

“घ्या ना एवढं तरी,” अलकनंदाकाकू मागून हळूच म्हणाल्या. “आनंदानं देऊन राह्यल्या त्या.”

त्यांनी मान हलवली. साधना पाळण्याशी बसली होती, तिने त्यांना बोलावलं आणि मुलीला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती घेतली, अवघडून, सवय मोडलेल्या माणसाने घ्यावी तशी. मुलीने त्यांचं बोट धरलं. पाहुण्या बायकांतल्या एकीने विचारलं, कौतुकाने, की काका, या टॉवरजवळ आता लेकरू ठेवायला हरकत नाही ना?

त्यांनी आधी छतावरच्या पेटीकडे बघितलं, तिच्या तोंडाची दिशा बघितली, ती बाई कुठल्या घरी राहते हे विचारलं, आणि मग तिथेच उभ्याने, मुलगी हातात तशीच धरून, पहिल्यापासून सांगायला लागले.